साडेबारा फुटी पोल आणि दोन बुटांचं अंतर: एका अडकलेल्या मोसमाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली खेळाडू वीस वर्षांची आहे. उंची १.६४ मीटर, वजन ५४ किलो. चौदाव्या वर्षापर्यंत तिनं दोरीचा मल्लखांब केला आणि मग ती पोल व्हॉल्टकडे वळली. शाळेच्या पुस्तकात याच खेळाला बांबू उडी म्हणतात. राहायला कोथरूडला. आठवड्यातल्या तीन सकाळी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात उड्या, आणि दोन दिवस सारसबागेजवळच्या सणस मैदानावर नुसतं धावणं. अठराव्या वर्षी तिनं ३.५० मीटर उडी मारली. पुढची दोन वर्षं आकडा तिथून हलला नाही, आणि तिसऱ्या वर्षी तर उतरणीला लागला.

जानेवारी ते मे या काळात तीन स्पर्धा झाल्या. पहिलीत ३.३० पार झालं आणि ३.५० ला तिन्ही प्रयत्न वाया गेले. दुसरीत सुरुवातीच्या ३.३० लाच तिन्ही प्रयत्न फुकट गेले, म्हणजे 'नो हाइट'. तिसरीत ३.३० ला दोन प्रयत्न गेल्यावर तिनं ती उंची सोडली, ३.४० ला उरलेला एकच प्रयत्न घेतला आणि तोही गेला. पुन्हा नो हाइट. सरावात मात्र याच काळात ती दहा पावलांच्या छोट्या रनअपवरून (उडीआधीच्या धावेवरून) ३.३० दहापैकी आठ वेळा सहज पार करत होती.

मैदानावर सगळ्यांनी एकच निदान केलं: 'डोक्यात भीती बसली आहे.' हे निदान फार लवकर झालं आणि त्यानं तीन महिने खाल्ले. ती स्वतः दुसऱ्या स्पर्धेनंतर म्हणाली होती, "सर, पोल अंगावर येतोय." हे वाक्य शब्दशः खरं होतं. पोल खरंच अंगावर येत होता. शरीर जे अचूक ओळखत होतं, त्याला भीती हे नाव दिलं गेलं.

मोजणी कुठून सुरू केली

पोल व्हॉल्टमध्ये सगळ्यांचे डोळे बारवर, म्हणजे ओलांडायच्या आडव्या दांडीवर असतात, आणि चूक बहुतेक वेळा बारपासून चौदा-पंधरा मीटर अलीकडे झालेली असते. म्हणून जूनमध्ये सर्वांत आधी टेप जमिनीवर टाकला. शून्य म्हणजे बॉक्सची मागची भिंत, जिथे पोलचं टोक जाऊन टेकतं. तिथून रनअपच्या कडेला २.४० ते ३.२० मीटरपर्यंत दर दहा सेंटीमीटरवर खडूच्या रेघा मारल्या आणि १२.५० ते १४.५० मध्येही तशाच. दोन मोबाइल लावले, एक टेकऑफच्या, म्हणजे पाय जमीन सोडतो त्या जागेच्या समोर आणि दुसरा शेवटची सहा पावलं उरतात त्या मधल्या खुणेच्या समोर, दोन्ही सेकंदाला २४० फ्रेमवर.

टेकऑफचा पाय कुठे पडायला हवा, हे अंदाजानं ठरवण्याची गरज नसते. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली हवा. तिच्या बुटाच्या टोकापासून ताणलेल्या उजव्या हाताच्या मुठीपर्यंतची उंची २.०८ मीटर भरली. बॉक्स जमिनीखाली २० सेंटीमीटर खोल असतो, ते धरून २.२८. पोलवर ग्रिप, म्हणजे वरच्या हाताची पकड, खालच्या टोकापासून ३.६५ मीटरवर. काटकोन त्रिकोण मांडला की पायाची जागा निघते २.८५ मीटर. ग्रिप बदलली की हा आकडाही बदलतो. ३.४५ ला तो २.५९ येतो, ३.७० ला २.९१ आणि ३.७५ ला २.९८. हा तक्ता खेळाडूच्या बॅगेत असावा, आणि हिच्या बॅगेत तो नव्हता. गेली दोन वर्षं ग्रिप हळूहळू वर सरकली होती, रनअपची खूण मात्र जुन्याच जागी होती.

सरावाच्या उड्यांत पाय २.८०-२.८५ ला पडत होता, म्हणजे उत्तम. मग स्पर्धांचे जुने व्हिडिओ काढून रनअपच्या कडेच्या खुणांवरून मोजले. तिथे पाय २.५० ला! तब्बल ३५ सेंटीमीटर आत. इतक्या आत पाय पडला की पोल बॉक्सला टेकतो तेव्हा खेळाडू अजून जमिनीवरच असते. वरचा हात डोक्याच्या मागे खेचला जातो, खांद्याला हिसका बसतो, छाती पुढे जाते आणि कंबर मागे राहते. पोल वाकतो खरा, पण उडीनं नव्हे, नुसत्या धडकेनं. 'पोल अंगावर येतो' तो असा.

पाय आत का गेला, ते दुसऱ्या मोबाइलनं सांगितलं. चौदा पावलांच्या रनअपमध्ये शेवटची सहा पावलं उरतात तिथे एक मधली खूण असते. तिची खूण १३.६० मीटरवर हवी. सरावात ती तिथेच होती, स्पर्धेत १३.१५ ला. लोकांसमोर पहिली चार पावलं जोशात लांब पडत होती, त्यामुळे ४५ सेंटीमीटरची घुसखोरी तिथेच होऊन जायची. पुढे बॉक्स जवळ आला असं डोळ्यांना दिसलं की पाय आपोआप आखडते होत आणि शेवटची चार पावलं तोकडी पडत. आखडूनही सगळी भरपाई व्हायची नाही. दहा सेंटीमीटर वाचत, पस्तीस उरत.

याची किंमत वेगात मोजता येते. बॉक्सपासून १० ते ५ मीटर हा पट्टा तिनं सरावात १६२ फ्रेममध्ये कापला, म्हणजे सेकंदाला ७.४ मीटर. स्पर्धेत त्याच पट्ट्याला १७१ फ्रेम लागल्या, म्हणजे ७.० मीटर. वेगाच्या वर्गाला १९.६ नं भागलं की तो वेग शरीराचा गुरुत्वमध्य किती वर नेऊ शकतो ते कळतं. ७.४ ला २.७९ मीटर, ७.० ला २.५० मीटर. पोलमध्ये आणि शरीरात होणारी गळती वेगळी, आणि हातांनी केलेलं काम तिच्या उलट बाजूला, पण मूळ भांडवलातच २९ सेंटीमीटरची तूट. ३.५० वाली खेळाडू ३.३० ला का अडली, त्याचं उत्तर या एका वजाबाकीत बरंचसं मिळतं. पोल व्हॉल्टचा विक्रमवीर सेर्गेई बुबका याच्या रनअपचा शेवटचा वेग सेकंदाला साधारण ९.९ मीटर मोजला गेला होता. या खेळात आधी धावणं येतं आणि मग उडी, हे पुण्यात जिम्नॅस्टिक्स-मल्लखांबाकडून येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवसापासून सांगायला हवं.

मल्लखांबानं तिला जे दिलं ते मोठंच आहे. पाय वर करून उलटं होणं तिला कधी शिकवावं लागलं नाही. पण त्याच कौशल्यानं रनअपचा दोष दोन वर्षं झाकून ठेवला. टेकऑफ कितीही वाईट झाला तरी ती हातांच्या जोरावर दोरीवर चढावं तशी पोलवर चढून बार ओलांडायची. त्यातून एक सवय पक्की झाली, पोल टेकताच कोपर वाकवून ओढण्याची. कोपर लवकर वाकलं की शरीराचा झोका तुटतो आणि पोलला मिळणारा रेटाही तिथेच थांबतो.

पोलची शिडी आणि तिच्या गाळलेल्या पायऱ्या

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात बहुतेक मुलं इथेच अडतात.

पोलवर दोन आकडे असतात: लांबी आणि पाउंडांतलं वजन. वजनाचा आकडा म्हणजे वरच्या टोकाजवळ पकडल्यास तो पोल साधारण किती वजनाच्या खेळाडूला पेलतो. हिचं वजन ११९ पाउंड. हातात होता साडेबारा फुटी, म्हणजे ३.८१ मीटरचा, १२५ पाउंडी पोल. ग्रिप ३.६५ ला, टोकापासून सोळा सेंटीमीटर खाली. खाली पकडलं की पोल कडक वागतो. दर सात-आठ सेंटीमीटरला साधारण पाच पाउंड धरतात. उलट, वजन तेच ठेवून सहा इंच लांब पोल घेतला तर त्याच ग्रिपला तो दहाएक पाउंडांनी कडक लागतो. पोलवर आणखी एक आकडा असतो, फ्लेक्सचा. ठरावीक वजन टांगल्यावर पोल किती सेंटीमीटर झुकला ते तो सांगतो, म्हणून आकडा लहान तितका पोल कडक. फ्लेक्सची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या पोलांत करावी, नाहीतर ती फसवते.

आंतरराष्ट्रीय नियमांत पोलच्या लांबीवर, जाडीवर किंवा साहित्यावर बंधन नाही, फक्त पृष्ठभाग गुळगुळीत हवा. बंधन येतं ते खिशाचं. चांगले पोल परदेशातून येतात आणि चार मीटर लांबीचा न दुमडणारा नग आणण्याचा खर्च पोलच्या किमतीला टेकतो. त्यामुळे मुलींकडे एखादा स्वतःचा पोल असतो, आणि दुसरा कुणाचा तरी मागून आणलेला. हिच्याकडे स्वतःचा १२५ आणि उसना १४० होता. मधले १३० आणि १३५ नव्हतेच.

आता स्पर्धेतला क्रम पाहा. पहिल्या प्रयत्नाला १२५. पाय ३५ सेंटीमीटर आत, धडकेनं पोल गरजेपेक्षा जास्त वाकतो, लवकर मोकळा होतो आणि ती वर जायच्या आधीच पुढे ढकलली जाते. बार चढतानाच पोटऱ्यांना लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पोल मऊ पडला. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला १४० हातात येतो. पाय पुन्हा तिथेच आत, वेग तोच ७.०, पण पोल तीन पायऱ्या कडक. तो उभ्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही. ती मॅटच्या पुढच्या काठावर, बॉक्सच्या तोंडाशी उतरते. पोल व्हॉल्टमधल्या गंभीर दुखापतींची ही एक नेहमीची जागा. तिसऱ्या प्रयत्नाला ती पोल बॉक्सला न टेकवता मॅटवर धावत जाते. यात भित्रेपणा कुठे आहे? आधीच्या उडीत बॉक्सवर पडलेलं शरीर पुन्हा तेच करायला नकार देतं, आणि योग्यच करतं.

स्टँडर्डनं, म्हणजे बारच्या खांबांच्या जागेनं, यात भर घातली. बारचे खांब बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून शून्य ते ८० सेंटीमीटरपर्यंत मागे सरकवता येतात. ती सवयीनं ५० सांगायची. पोल लवकर मोकळा होत असताना ५० म्हणजे बार वाटेतच आडवा. ७०-७५ ला तो वाटेतून दूर गेला असता, आणि खेळाडूलाही बॉक्सपासून लांब, मॅटच्या मधोमध उतरण्याची सवय लागली असती.

उंची सोडण्याचा मोह

तिसऱ्या स्पर्धेतला 'पास' वेगळा पाहायला हवा, कारण तो मोठमोठ्यांना भोवला आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये बुबका ५.७० ला दोनदा अपयशी ठरला, ५.७५ ला गेला, उरलेला एकमेव प्रयत्न हुकला आणि एकही उंची नावावर न लागता बाहेर पडला. पस्तीस जागतिक विक्रम करणारा हा माणूस, आणि त्याच्या नावावर ऑलिम्पिक सुवर्ण एकच, १९८८ च्या सोलचं. रशियाची येलेना इसिनबायेवा २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ४.७५ ला एकदा अपयशी ठरली, मग ४.८० ला गेली आणि उरलेले दोन्ही प्रयत्न घालवले. नो हाइट. तीही मुळात जिम्नॅस्ट. अकरा दिवसांनी, २८ ऑगस्टला, तिनं झुरिकला ५.०६ मीटरचा जागतिक विक्रम केला. अकरा दिवसांत ताकद बदलत नाही. त्या एका दिवशी रनअप, पोल आणि उंची यांची सांगड बसली नाही, आणि दुरुस्त करायला प्रयत्न उरले नाहीत.

पास घेण्यामागे हिशोब असतो: पदकासाठी वरची उंची लागणारच, मग पाय का दमवायचे? जिचा रनअप बसला आहे तिला तो हिशोब शोभतो. जिचा पाय आत पडतो आहे तिनं बार दहा सेंटीमीटर वर नेऊन काय साधणार? अपयशाचं कारण जमिनीवर होतं. अशा वेळी त्याच उंचीला थांबून सुरुवातीची खूण मागे सरकवणं एवढाच उपाय असतो. ४५ सेंटीमीटर म्हणजे तिच्या बुटाच्या मापानं जवळपास दोन बूट.

बारा आठवडे

जुलै ते सप्टेंबर. पुण्याचा पाऊस पोल व्हॉल्टला वैरी. मॅटचा फोम पाणी पितो आणि जड, कडक होतो. आवरणाची एक चेन उघडी राहिली तरी आतला थर आठवडाभर सुकत नाही. रनअपवर पाणी आणि बॉक्समध्ये डबकं. बॉक्सच्या तळाला पाणी निघायचं भोक असतं, ते मातीनं बुजतं आणि रोज तारेनं मोकळं करावं लागतं. पण या प्रकरणात पाऊस कामाला आला. बार लावताच येत नव्हता, म्हणून नुसता रनअप करून घेता आला.

पहिले तीन आठवडे बार नाही आणि उडीही नाही. पोल हातात धरून चौदा पावलं, ट्रॅकवर, रोज आठ ते दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी एकच आकडा वहीत: मधली खूण. पहिली चार पावलं ठरावीक लांबीची, खडूच्या रेघांवर. पोलचं टोक हळूहळू खाली आणणं, शेवटून तिसऱ्या पावलाला हात वर निघणं, शेवटच्या पावलाला उजवा हात कानाजवळून पूर्ण ताठ. शेवटच्या सहा पावलांत लय वाढते, लांबी नाही. 'लांब टाक' असं ओरडणारा प्रशिक्षक इथे नुकसान करतो. ती दोरीकडेही परतली, पण नव्या अटीवर. दोन्ही कोपरं ताठ ठेवून झोका घ्यायचा, आणि कंबर हातांच्या वर जाईपर्यंत ओढायचं नाही. ओढण्याची सवय मोडायला खरे चार आठवडे लागले.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात, उघडीप मिळेल तशी, सहा आणि आठ पावलांवरून उड्या. ग्रिप ३.४५, पाय २.५९ वर, बारच्या जागी रबरी दोरी. या काळात १३० आणि १३५ पाउंडी पोल उसने मिळाले. उसना पोल घेताना पांढऱ्या उजेडात फिरवून पाहावा आणि पूर्ण लांबीवर नख फिरवावं. नख अडकेल अशी खाच, विशेषतः खालच्या अर्ध्या भागात, असेल तर तो पोल परत द्यावा. स्पाइक्सचा ओरखडा किंवा बॉक्सच्या पत्र्याचा घाव एवढ्यावरून पोल भर उडीत तुटतो. उडी मारल्यावर पोल जमिनीवर आपटू द्यायचा नाही, जोडीदारानं तो झेलायचा, याचंही कारण हेच.

बदलाचा नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट. ग्रिप पाच सेंटीमीटर, किंवा पोल पाच पाउंड, किंवा पावलं दोन. स्टँडर्ड ७५ ला असताना सलग दोन उड्यांत ती मॅटच्या मध्याच्या पलीकडे उतरली, तरच पुढचा पोल, आणि त्या दिवशी ग्रिप तीच. सर्वांत जास्त मोडला जाणारा नियमही हाच. पोल बदलला की ग्रिपही वर नेण्याची घाई होते, मग उडी बिघडली तर दोष कुणाचा ते कळत नाही.

शेवटच्या पाच आठवड्यांत चौदा पावलं आणि खरा बार. पोलवर ताजी झिंक ऑक्साइड टेप, हाताला पावडर, प्रत्येक प्रयत्नाला घड्याळात एक मिनिट. शनिवारी संकुलातल्या इतर मुलांना मुद्दाम भोवती उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. जोशात मधली खूण सरकते हे माहीत होतं, म्हणून जोश सरावात आणला. पहिल्या शनिवारी १३.२०, चौथ्या शनिवारी १३.५०. सुरुवातीची उंची ठरवली ३.२०. दहा पावलांवरून ३.३० दहापैकी आठ वेळा जाते, त्याखालची एक. दोन वर्षं ३.५० च्या खेळाडूला हे अपमानासारखं वाटलं. "एवढ्या खालून?" असं तिनं विचारलंही. पण पहिली पार झालेली उंची म्हणजे रनअप तपासून पाहण्याची संधी, आणि ती स्वस्तात मिळते.

पुढच्या तीन स्पर्धा

पहिल्या स्पर्धेपासून प्रशिक्षकाची जागा बदलली. बारच्या रेषेत न बसता तो मधल्या खुणेच्या समोर बसला. प्रत्येक प्रयत्नानंतर एकच हाक: "एक बूट मागे" किंवा "आहे तिथेच". पोल वाटेतच बदलावा लागला तर काय करायचं ते आदल्या रात्री वहीत लिहिलेलं: १३० वर मॅटच्या मध्याच्या पलीकडे गेली तर १३५, १३५ उभा राहिला नाही तर परत १३०, आणि ग्रिप तीच.

ऑक्टोबरमध्ये ३.४०. नोव्हेंबरमध्ये १३० पोलवर ३.६०, दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वतःचा आकडा मागे टाकला. डिसेंबरमध्ये १३५ वर, ग्रिप ३.७०, उडी ३.७० मीटर. बॉक्सची खोली वजा केली तर हाताची खरी उंची ३.५०, म्हणजे उडी हाताच्या वीस सेंटीमीटर वर. उन्हाळ्यापूर्वी ३.६५ च्या ग्रिपवर, तिचा जुना ३.५० चा आकडा धरला तरी, हा फरक जेमतेम पाच सेंटीमीटर होता. बुबकाची ग्रिप साधारण ५.१० मीटरवर असायची आणि उघड्या मैदानावरची त्याची सर्वोत्तम उडी ६.१४. तिथे हाच फरक सव्वा मीटरच्या जवळ जातो. ग्रिप वाढवत नेण्यापेक्षा हा फरक वाढवत नेणं जास्त टिकतं.

त्याच दिवशी ३.८० ला तीन प्रयत्न झाले. पहिल्यात मधली खूण १३.५५, पाय २.८८, म्हणजे तीन सेंटीमीटर आत, हे चालतं. कंबर बारच्या वर गेली आणि छातीनं बार पाडला. स्टँडर्ड ६५ ला होता, ७५ ला हवा होता, आणि ते सांगायचं राहून गेलं. दुसऱ्यात स्टँडर्ड ७५, पण मागून वारा सुटला, खूण १३.३५ ला सरकली आणि पोल पुन्हा अंगावर आला. तिसऱ्याला तिनं स्वतःच हाक यायच्या आधी खूण एक बूट मागे घेतली. पाय २.९० ला पडला, उतरताना हाताचं कोपर बारला लागलं आणि तो पडला.

साडेबारा फुटी पोलवर ग्रिप आता टोकापासून अकरा सेंटीमीटरवर आली आहे, वर फारशी जागा नाही. पुढची पायरी तेरा फुटी, १३० पाउंडी. ग्रिप ३.७५, पाय २.९८ वर, सुरुवात दहा पावलांपासून. तो पोल अजून मिळालेला नाही. शोध सुरू आहे, आणि तोवर १३५ चा पोल रोज नखानं तपासून वापरला जातो.